अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही: हा फास कुठून सोडवायचा

प्रश्न: वाणिज्य शाखेची पदवी झाली आहे. एक्सेल, डेटा अ‍ॅनालिटिक्स, डिजिटल मार्केटिंग अशा चार ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं आहेत. चार महिन्यांत ऐंशी ठिकाणी अर्ज केले, फोन दोनच आले आणि तेही पुढे सरकले नाहीत. सगळीकडे अनुभव मागतात. आता पाचवा कोर्स करू, पदव्युत्तर शिक्षणाला जाऊ, की मिळेल ते काम धरू?

उत्तर:

पाचव्या कोर्सचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नात सर्वांत कामाची माहिती आहे ती 'ऐंशी अर्ज, दोन फोन' ही. नोकरीचा शोध साधारण तीन ठिकाणी अडतो. अर्ज जातात पण फोन येत नाहीत. फोन येतात पण मुलाखतीच्या पुढे काही होत नाही. मुलाखती चांगल्या होतात पण निवड दुसऱ्याची होते. पहिल्या ठिकाणी अडलं तर अर्ज चुकीच्या पदांना जातायत किंवा तुम्हाला काय येतं ते कागदावर दिसत नाहीये. दुसऱ्या ठिकाणी अडलं तर बोलण्याची तयारी कमी आहे. तिसऱ्या ठिकाणी अडलं तर बहुतेक वेळा फार काही चुकत नसतं, अजून काही मुलाखती द्याव्या लागतात, एवढंच. तुमचं पहिल्याच दारात अडलंय. अशा वेळी मुलाखतीच्या तयारीचे किंवा संभाषणकौशल्याचे क्लास लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे आकडे डोक्यात ठेवू नका, एका शीटमध्ये लिहा. तारीख, पद, कंपनी, जाहिरात कुठे दिसली, बायोडेटाची कोणती आवृत्ती पाठवली, पुन्हा विचारणा कधी करायची, निकाल काय, एवढे सात रकाने पुरतात. दर वीस अर्जांनंतर ती शीट उघडून बसा. वीसांत एकही फोन नसेल तर एकविसावा अर्ज त्याच बायोडेटाने पाठवायचा नाही. पद बदला, कागद बदला, नाहीतर जाहिराती शोधण्याची जागा बदला. पण एका वेळी एकच गोष्ट, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

'अनुभव हवा' म्हणजे नेमकं काय हवं

जाहिरातीत अनुभवाची अट घालणाऱ्याला दोन खर्चांची धास्ती असते. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्या माणसाचे तास जातात, हा एक. नव्याची चूक ग्राहकापर्यंत किंवा वरिष्ठांपर्यंत पोहोचली तर ती निस्तरावी लागते, हा दुसरा. त्यामुळे जिथे चूक स्वस्तात दुरुस्त होते, किंवा तुम्ही ठरावीक चुका करणार नाही याचा पुरावा समोर असतो, तिथे अनुभवाची अट सैल होते.

जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या शिकाऊंचा अभ्यास केला. तिथे शिकणं कपड्याच्या शेवटाकडून सुरू व्हायचं. आधी बटणं लावणं, कडा दुमडून घालणं, तयार कपड्याला इस्त्री करणं, मग शिवण, आणि कापड बेतणं अगदी शेवटी. बटण चुकीच्या जागी लागलं तर ते काढून पुन्हा लावता येतं, बेतलेलं कापड चुकलं तर ते वाया जातं. शिवाय बटणं लावता लावता पूर्ण झालेला कपडा कसा दिसायला हवा हे शिकाऊ रोज पाहत असतो. पुढे १९९१ मध्ये लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी यावरून मांडलं, की नवखा माणूस व्यवसायाच्या काठावर उभा राहून, पण खऱ्या कामाला हात लावतच, आत शिरतो.

ऑफिसातल्या कामांनाही असा काठ असतो. डेटाच्या कामात निर्णयासाठी डॅशबोर्डची, म्हणजे महत्त्वाचे आकडे एका नजरेत दाखवणाऱ्या फलकाची, आखणी करणं हे कापड बेतणं आहे. याद्या साफ करणं, दोन अहवालांतले आकडे जुळवणं, रोजचा अहवाल वेळेत आणि बिनचूक काढणं ही काठावरची कामं. हिशेबात बँक जुळवणी, बिलांच्या नोंदी, येणं किती दिवसांचं थकलंय याची यादी. मार्केटिंगमध्ये कोणत्या जाहिरातीवरून किती चौकश्या आल्या याची नोंद, मजकुराचं वेळापत्रक, ग्राहकांच्या याद्यांची निगा. तुम्ही 'अ‍ॅनालिस्ट' किंवा 'स्ट्रॅटेजिस्ट' अशा पदांना अर्ज केले असतील, तर पहिल्याच दिवशी कात्री मागितल्यासारखं झालं. त्याच क्षेत्रातली 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' (कंपनीचे नियमित अहवाल तयार करणारा), 'डेटा ऑपरेशन्स', 'अकाउंट्स असिस्टंट', 'मार्केटिंग कोऑर्डिनेटर' अशी पदं शोधा. त्यांना कमी लेखू नका. आत शिरायचं दार तेच आहे.

अनुभवाच्या वर्षांबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. निवडीची कोणती पद्धत पुढच्या कामगिरीचा अंदाज देते यावर फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, आणि २०२२ मध्ये पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी त्यातली आकडेमोड पुन्हा तपासली. दोन्हींत नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा कामगिरीशी संबंध क्षीण निघाला. कामाचा नमुना करून घेणं आणि सर्वांना तेच ठरीव प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत या पद्धती कितीतरी वरच्या ठरल्या. म्हणजे कामाचा नमुना दाखवणारा उमेदवार वर्षांची भरपाई करू शकतो. जाहिरातीत '० ते २ वर्षं' असेल आणि त्यातली निम्म्याहून जास्त कामं तुम्ही आज करून दाखवू शकत असाल, तर बेधडक अर्ज करा. '५ वर्षं' असेल तर करू नका, वेळ वाया जातो.

क्षेत्र नको, पद निवडा

वाणिज्याची पदवी, डेटाचा कोर्स आणि मार्केटिंगचा कोर्स म्हणजे तीन दिशांना एक-एक पाऊल. 'मला कोणतं क्षेत्र आवडेल' हा प्रश्न घरात बसून सुटत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या स्वभावांच्या सहा प्रकारांवर आधारलेल्या आवडीच्या चाचण्या मिळतात, त्या कल सांगतात. कुवत सांगत नाहीत आणि जागा रिकामी आहे का हे तर नाहीच.

त्याऐवजी एक आठवडा हे करा. पदाचं एकच नाव घ्या, समजा एमआयएस एक्झिक्युटिव्ह. त्याच्या पंचवीस जाहिराती गोळा करा. प्रत्येक जाहिरातीतली मागणी तोडून एका ओळीत एक अशी शीटमध्ये उतरवा आणि समोर तीनपैकी एक शिक्का मारा: साधन, काम, वागणूक. 'एक्सेल' हे साधन. 'दररोज सकाळी विक्रीचा अहवाल पाठवणे' हे काम. 'इतर विभागांशी समन्वय' ही वागणूक. मग मोजा. निम्म्याहून अधिक जाहिरातींत येणाऱ्या गोष्टी पक्क्या शिकायच्या. पाव ते निम्म्यांत येणाऱ्या तोंडओळखीपुरत्या. उरलेल्या सोडून द्यायच्या. बहुतेक नवखे साधनांच्या मागे लागतात, कारण कोर्स साधनांचेच असतात. पण बायोडेटात आणि मुलाखतीत विचारणा होते ती कामांची. म्हणून 'काम' हा शिक्का असलेल्या ओळी पुन्हापुन्हा वाचा.

एकाच नावाखाली कंपनीगणिक निराळं काम असू शकतं. ही फसगत टाळायला दोन मोफत संग्रह वापरा. अमेरिकेच्या श्रम खात्याचा 'ओनेट' नऊशेहून अधिक पेशांची रोजची कामं, साधनं आणि लागणारी कौशल्यं सांगतो. युरोपीय आयोगाच्या 'एस्को'मध्ये सुमारे ३,००० पेशे आणि १३,००० हून अधिक कौशल्यं आहेत. एखाद्या पदाजवळची पदं कोणती, हे एस्कोत चांगलं दिसतं, आणि पहिली नोकरी पुष्कळदा शेजारच्या पदावरच मिळते.

शिकणं म्हणजे कुठवर

एक्सेलचंच उदाहरण जवळून पाहू. कोर्समध्ये स्वच्छ नोंदी देतात आणि सूत्रं शिकवतात. कामावर नोंदी कधीच स्वच्छ नसतात, आणि पगार मिळतो तो चूक बाहेर जाण्याआधी पकडण्याचा. दोन हजार ओळींची विक्रीची यादी घ्या. तिच्यात पुढच्या भानगडी असणारच.

तारखा: ०४/०५ ही ४ मे की ५ एप्रिल, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. दुसऱ्या सेटिंगच्या फाइलमधून आलेल्या नोंदींत दिवस बारापर्यंतचा असेल तर एक्सेल दिवस आणि महिना गुपचूप उलटे करतं. तेरापासून पुढचे दिवस मात्र मजकूर म्हणून तसेच राहतात आणि रकान्यात डावीकडे चिकटलेले दिसतात. डावीकडच्या तारखा दिसल्या की फक्त त्याच दुरुस्त करून मोकळे होऊ नका. उजवीकडच्या, ठीक दिसणाऱ्या तारखाच जास्त चुकलेल्या असतात.

नावं: एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी असतो, आणि नावामागे दडलेली रिकामी जागा असते. 'ट्रिम' सूत्र साधी स्पेस काढतं. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र न तुटणारी स्पेस असू शकते, म्हणजे १६० क्रमांकाचं अक्षर. तिला ट्रिम हात लावत नाही; आधी 'सबस्टिट्यूट'ने ती बदलावी लागते. डोळ्यांना दोन नावं सारखी दिसतायत आणि जुळत नाहीत, तेव्हा 'लेन'ने अक्षरं मोजा, लगेच सापडतं.

लांब क्रमांक: एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अंकच खरे जपतं, सोळाव्यापासून शून्य टाकतं. सुरुवातीची शून्यंही गाळतं. खाते क्रमांक, कार्ड क्रमांक, कोड आधीच मजकूर म्हणून आणायचे; एकदा गेलेला अंक परत येत नाही.

शोध: 'व्हीलुकअप' हे दुसऱ्या यादीतून दर किंवा नाव शोधून आणणारं सूत्र. त्यात चौथी जागा रिकामी सोडली की एक्सेल जवळपास जुळणारं उत्तर शोधतं. यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर ते चुकीचा दर आणून ठेवू शकतं आणि कुठेही चुकीची खूण दिसत नाही. तिथे शून्य किंवा 'फॉल्स' लिहायची सवय बोटांत बसली पाहिजे. नवं 'एक्सलुकअप' मुळात अचूक जुळणीच शोधतं, पण २०१९ आणि त्याआधीच्या एक्सेलमध्ये ते नाही, त्यामुळे दोन्ही यायला हवीत.

सारांश: पिव्होट टेबल म्हणजे लांब यादीचा गटवार गोषवारा. मूळ आकडे बदलले तरी एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्यांत तो आपोआप बदलत नाही, रिफ्रेश करावं लागतं. खाली नव्या ओळी जोडल्या आणि मूळ यादीचं टेबल केलेलं नसेल, तर त्या ओळी रिफ्रेशनंतरही मोजणीत येत नाहीत.

आणि या सगळ्यावर एक कुलूप: कच्च्या यादीची एकूण बेरीज आणि ओळींची संख्या आधीच लिहून ठेवायची आणि तयार अहवालाशी ताडायची. फरक असेल तर तो कशामुळे ते एका ओळीत लिहायचं, उदाहरणार्थ 'दुबार १४ बिलं वगळली'. हे जो न सांगता करतो त्याला कोणी नवखा म्हणत नाही. अशा गोष्टी व्हिडिओ पाहून अंगवळणी पडत नाहीत. एक तास पाहिलं तर दोन तास हाताने करायचं, आणि करताना मुद्दाम नोंदी बिघडवून पुन्हा दुरुस्त करायच्या. कोणत्याही कौशल्याला हेच लागू: साधन शिकलो म्हणजे तयार झालो असं नाही. त्या कामात लोक कुठे घसरतात आणि घसरलं तर कसं कळतं, हे माहीत झालं म्हणजे तयार झालो.

पुरावा कसा बांधायचा

सर्टिफिकेट तुम्ही कोर्स पूर्ण केला एवढंच सांगतं. त्याच्या जोडीला कामाचे तीन नमुने हवेत. जास्त नकोत, कोणी पाहत नाही. प्रत्येकासाठी एक पान: कोणता प्रश्न होता, नोंदी कशा होत्या, काय केलं, काय निघालं, आणि यावरून काय सांगता येत नाही. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. पण आपल्या उत्तराची मर्यादा सांगणारा माणूस वाचणाऱ्याला भरवशाचा वाटतो.

शिकवणीतली फाइल नमुना म्हणून लावू नका. डेटाच्या कोर्समध्ये सरावाला देतात ती टायटॅनिकच्या प्रवाशांची यादी हजारोंनी सोडवलेली आहे, निवडणाऱ्याने ती कधीच पाहून सोडलेली असते. खरा वापर करणारा माणूस शोधा: एखादी छोटी संस्था, वाचनालय, क्रीडा मंडळ, ओळखीतला लहान व्यवसाय. त्यांच्याकडे वर्गणीची, साठ्याची किंवा थकबाकीची विस्कळीत यादी असतेच. काम घेताना चार गोष्टी लिहून घ्या: नेमकं काय करून देणार, किती दिवसांत (दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त नको), मध्ये कोणाला विचारायचं, आणि शेवटी ते दोन ओळींचं शिफारसपत्र देणार का. नमुना बाहेर दाखवताना नावं, फोन, रकमा बदला आणि बदलल्याचं लिहा. दुसऱ्यांची माहिती उघडी टाकणारा नमुना तुमच्याच विरुद्ध साक्ष देतो.

फुकट कामाची सीमा स्पष्ट ठेवा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला ठरावीक काळ मदत करणं आणि त्यातून नमुना मिळवणं, हा सरळ व्यवहार आहे. जो तुमचं काम विकून पैसे मिळवणार आहे, त्याने मोबदला दिलाच पाहिजे. निवडीदरम्यान दोन-चार तासांची चाचणी रास्त आहे. 'आमच्या खऱ्या ग्राहकासाठी आठवडाभराचा आराखडा करून आणा' असं म्हटलं तर, हे काम मोबदल्यावर करायला आवडेल, असं नम्रपणे कळवा. उत्तरावरून ती जागा कशी आहे ते समजतं.

आता 'मिळेल ते काम' आणि पदव्युत्तर शिक्षण. मिळेल ते काम धरायची गरज असेल तर धरा, त्यात काही वावगं नाही. फक्त एक कसोटी लावा: वर्षभराने या कामावरून बायोडेटात अशी एखादी ओळ लिहिता येईल का, जी तुमच्या पंचवीस जाहिरातींतल्या 'काम' या शिक्क्याशी जुळते? ग्राहकसेवेच्या कामात रोजच्या तक्रारींची वर्गवारी करायला मागून घेता येते. गोदामात साठ्याचा अहवाल. असं काहीच शक्य नसेल तर ते काम पैशासाठी करा आणि आठवड्याचे आठ तास नमुन्यांसाठी राखून ठेवा. पदव्युत्तर शिक्षण त्या पेशाला परवाना किंवा ठरावीक पात्रता लागत असेल तरच आत्ता घ्या. गोंधळ पुढे ढकलायला घेतलं, तर दोन वर्षांनी हाच प्रश्न जास्त वयात पडतो.

उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, मिळत असेल तर मी ती साध्या इंटर्नशिपच्या वर धरतो. जर्मनीत शिकाऊ आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसाय शाळेत घालवतो, आणि हे साधारण दोन ते साडेतीन वर्षं चालतं. सगळीकडे इतकी घट्ट व्यवस्था नसते, म्हणून सही करण्याआधी विचारा: शिकवण्याचा लेखी आराखडा आहे का, माझी जबाबदारी नावानिशी कोणावर, शेवटी मिळणारं प्रमाणपत्र बाहेर चालतं का, मागच्या तुकडीतले किती जण इथेच कायम झाले. चौथ्याला टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

माणसांशी बोलायचं कसं

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणारे २८ टक्के निघाले. त्याचा नमुना लहान होता. पण २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले आणि त्यांतही थोड्या दूरच्या ओळखीच नोकरी बदलायला अधिक कामी आल्या. कारण सोपं आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं. म्हणून दोन-तीन वर्षं पुढे असलेले माजी विद्यार्थी, ओळखीच्यांचे सहकारी, व्यावसायिक गटांत उत्तरं देणारे लोक, यांच्याकडे जा.

त्यांच्याकडे नोकरी मागू नका. मागितली की समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता येतं आणि 'नाही' सोपं असतं. कामाबद्दल विचारा. असा निरोप चालतो:

'नमस्कार. मी वाणिज्य पदवीधर आहे आणि एमआयएसच्या कामाची तयारी सुरू आहे. आपण तीन वर्षं पुरवठा विभागाचे अहवाल पाहता असं आपल्या प्रोफाइलवर वाचलं. दोन हजार विक्री-नोंदींवरून मी महिन्याचा अहवाल बनवला आहे. परत आलेला माल विक्रीतून वजा करावा की वेगळा दाखवावा, इथे अडलं आहे. आपल्याकडे हे कसं करतात? पंधरा मिनिटं फोनवर बोलता आलं तर फार मदत होईल. या आठवड्यात जमलं नाही तरी हरकत नाही.'

यात चापलुसी नाही, बायोडेटा जोडलेला नाही, आणि प्रश्न असा आहे की ते काम करणाऱ्याला उत्तर द्यावंसं वाटेल. आठवड्याला असे आठ-दहा निरोप पाठवा. बरेच जण उत्तर देणार नाहीत. आठ दिवसांनी एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या. बोलणं झालं तर विचारा: कालच्या दिवसात नेमकं काय काय केलंत? नव्या माणसाच्या कोणत्या चुका सारख्या दिसतात? तुमच्या टीममध्ये शेवटचा आलेला माणूस कोणत्या वाटेने आला? माझ्या नमुन्यात काय खटकतं? शेवटी, आणखी कोणाशी बोलू? वेळ संपली की स्वतःहून थांबा, आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती करून आठवडाभरात पाठवा. या शेवटच्या पायरीवर बहुसंख्य लोक गळतात. जो दुरुस्ती करून पाठवतो, त्याचं नाव पुढे जागा निघाली की आठवतं.

कागद आणि मुलाखत

बायोडेटा एक पानाचा. 'एक्सेलचं उत्तम ज्ञान, मेहनती, टीममध्ये काम करण्याची आवड' या ओळी प्रत्येकाच्या कागदावर असतात, म्हणून त्या कोणी वाचत नाही. तीच गोष्ट अशी लिहा: '२,००० विक्री-नोंदी साफ करून महिनावार अहवाल तयार केला; दुबार १४ बिलं शोधली; मूळ आणि अंतिम बेरीज जुळवली.' क्रिया, कशावर, किती, काय झालं. कौशल्यासमोर '८० टक्के' दाखवणाऱ्या पट्ट्या काढून टाका, त्यांना काही अर्थ नसतो. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये साठतात आणि मग शब्दांनी शोधले जातात. दोन रकान्यांची मांडणी, चित्रातला मजकूर, पानाच्या डोक्यावरच्या पट्टीत टाकलेला फोन नंबर हे त्यात चुकीचं वाचलं जाऊ शकतं. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथे क्रम बिघडला तर मांडणी बदला. जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय तोच तुमच्या कागदावर हवा, अर्थात ते काम खरंच केलं असेल तर. अर्ज चॅटबॉटकडून लिहून घेतलात तर तो इतर शंभरांसारखाच निघतो. भाषा तपासायला वापरा, पण त्यातला तपशील तुमचाच असू द्या.

मुलाखतीसाठी सहा प्रसंग लिहून ठेवा: अडचण सोडवली, चूक पकडली, मतभेद झाला, मुदत पाळली, नवीन काही पटकन शिकलात, कोणाला मदत केलीत. कॉलेजातले, घरच्या व्यवसायातले, स्वयंसेवेतले, कुठलेही चालतील. प्रत्येक प्रसंग परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने दीड-दोन मिनिटांत, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ कृतीवर. इथे घसरतात ते 'आम्ही' या शब्दावर. 'आम्ही कार्यक्रम केला' यातून तुम्ही काय केलं ते समजत नाही. एखादी गोष्ट येत नसेल तर तसं सांगा आणि ती कशी शोधाल ते लगेच जोडा. तुमच्याकडून एक प्रश्न नक्की विचारा: पहिल्या तीन महिन्यांत या पदावरच्या माणसाने काय केलं तर तुम्हाला समाधान वाटेल? उत्तर गोलमोल आलं तर त्या जागेचं काम त्यांनाच स्पष्ट नाही.

एक इशारा, कारण चार महिने थांबलेला माणूस घाईत सही करतो. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेणं, नाव नोंदणी म्हणून असो, प्रशिक्षण म्हणून असो की अनामत म्हणून, हे धोक्याचं लक्षण आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातही खासगी नोकरी संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, असं तत्त्व आहे, अपवाद मोजके. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. पगार, पद, कामाचे तास, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ आणि सोडताना द्यायची सूचना हे लेखी आल्याशिवाय हातातलं काही सोडू नका.

वेळेचा हिशेब म्हणाल तर बारा आठवडे धरा. पहिला आठवडा जाहिरातींच्या मोजणीचा. दुसऱ्या ते सहाव्यापर्यंत सराव, आणि चौथ्यापासून पहिला नमुना. पाचव्या आठवड्यापासून निरोप आणि बोलणी. थांबून राहू नका, अर्धवट नमुन्यावरही चांगली चर्चा होते. सातव्यापासून आठवड्याला आठ-दहा अर्ज, प्रत्येक अर्ज त्या जाहिरातीपुरता बदललेला. चार महिन्यांत ऐंशी म्हणजे आठवड्याला पाच, हा वेग काही वाईट नव्हता. कमी पडला तो प्रत्येक अर्जामागचा पुरावा.

काम मिळाल्यावर पहिले तीन महिने सूचना लिहून घ्या आणि आपल्या शब्दांत परत वाचून दाखवा: 'म्हणजे गुरुवारी चारपर्यंत, फक्त चालू महिन्याचा, परतावे वगळून, बरोबर?' अडलं तर अर्धा तास स्वतः प्रयत्न करा, मग काय काय करून पाहिलं ते सांगून विचारा. उशीर होणार असेल तर मुदतीच्या आदल्या दिवशी कळवा. मुदत उलटल्यावर दिलेलं कारण कितीही खरं असलं तरी उपयोगाचं नसतं. दर शुक्रवारी तीन ओळी लिहा: काय पूर्ण केलं, कोणती चूक पकडली, काय नवीन आलं. परिविक्षेचं मूल्यमापन होण्याच्या दोन आठवडे आधी या ओळी घेऊन वरिष्ठांकडे पंधरा मिनिटं मागा आणि विचारा, की यातलं कोणतं काम आता मी एकट्याने सांभाळू.